रायवळाच्या पोटातलं अंडं

गेल्या एप्रिलमध्ये गावाहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. परसातल्या रायवळ आंब्याची एक फांदी घराच्या कौलांवर रेलायला लागली होती, म्हणून पावसाच्या आत ती उतरवून घेत होते. म्हणाला, "ताई, वरच्या बेचक्यात झाडाच्या पोटात अंडं मिळालंय. चिनीमातीचं. सोबत गंजलेली कप्पी पण आहे. पोरं म्हणतायत कोणीतरी करणी केलेली दिसते. टाकून देऊ?"

"खबरदार टाकलंस तर!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून नवरा काय झालं बघायला बाहेर आला.

ते अंडं आमच्या भाऊकाकांचं. आमच्या पिढीतल्या सगळ्यांना हे माहीत आहे, पण खालच्या पिढीत कोणालाच नाही, हे त्या फोनवर लख्ख कळलं. भाऊकाका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा म्हटलं, आठवतंय तोवर लिहून ठेवावं. भाऊकाकांच्या गोष्टी प्रत्येकाकडे आहेत, त्या ज्याने त्याने लिहाव्यात. मला लिहायचंय ते फक्त त्या अंड्याबद्दल, म्हणजे झाडावर तार चढवण्याबद्दल. दिसायला हा अगदी परसातला उद्योग. पण त्याच्या मागे केवढा मोठा इतिहास लोंबकळतोय हे मला फार उशिरा कळलं.

तर पोरांनो, भाऊकाका 'हॅम' होते. म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारं एक खुणेचं नाव मिळवायचं, आणि घरच्या घरी बसवलेल्या यंत्रावरून जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं. पैसे मिळवायला नाही, धंद्याच्या गोष्टी करायला नाही, केवळ हौस. काका तारखात्यात होते त्यामुळे मोर्सची कडकट्ट बोटात मुरलेली. सुट्टीवर घरी आले की रात्री माजघरात कंदील बारीक करून बसायचे आणि आजी म्हणायची, "झाला सुरू ह्याचा रातकिडा."

यंत्राचं एक वेळ बाजूला ठेवू. खरी अडचण होती ती तारेची. काकांची आवडती लहर चाळीस मीटरची, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासची. तिच्यासाठी अर्ध्या लहरीइतकी, साधारण सहासष्ट फूट तांब्याची तार ताणून टांगायची, मधोमध तोडून तिथून यंत्राकडे केबल आणायची. झाला अँटेना. इतकं सोपं! पण ही तार जमिनीपासून किती उंच आहे त्यावर तुमचा आवाज कुठे जाणार हे ठरतं. पंधरा-वीस फुटांवर टांगली तर लहरी बहुतेक सरळ आभाळात जातात, वरच्या थरावर आपटतात आणि जवळपास खाली येतात, दोनचारशे मैलांच्या टापूत. तीच तार तिच्या लांबीइतकी उंच नेली की लहरी तिरक्या, क्षितिजाच्या बाजूला निघतात आणि पार समुद्रापलीकडे जाऊन उतरतात.

काकांची पहिली तार घराच्या आढ्यापासून एका पोफळीपर्यंत होती. तिच्यावरून मुंबई छान मिळे, बंगळूर मिळे. जपान काही केल्या मिळत नसे. त्यासाठी हवी होती साठ-पासष्ट फूट उंची. मनोरा उभारायचा तर पैसा कुठला? मग काकांची नजर गेली रायवळाकडे. आमची कलमं बुटकी, हात वर केला की आंबा लागावा अशी. पण बाठीपासून उगवलेला रायवळ म्हणजे सरळ आभाळाला भिडणारा गडी.

आता इथे जरा मागे जाते, कारण उंचीचं हे दुखणं काकांच्या आधी सत्तर वर्षं मार्कोनीला झालं होतं.

१९०१ साली मार्कोनीला अटलांटिकपार संदेश पाठवायचा होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये पोल्धू इथे त्याने उंच डोलकाठ्यांचं मोठं रिंगण उभारलं, ते सप्टेंबरच्या वादळात कोसळलं. अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉडला असंच दुसरं होतं, ते नोव्हेंबरमध्ये गेलं. तेव्हा त्याने मनोऱ्यांचा नाद सोडला आणि दोन मदतनीस, काही फुगे आणि पतंग घेऊन न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर जाऊन बसला. डिसेंबरचा वारा, उघडी बोडकी टेकडी. एक फुगा वाऱ्याने तोडून नेला, एक पतंग गेला. १२ डिसेंबरला दुसरा पतंग टिकला आणि त्याच्या मागे सुमारे पाचशे फूट तार आभाळात लोंबत राहिली. पोल्धूहून मोर्समधला 'एस', म्हणजे तीन टिंबं, सतत पाठवत होते. मार्कोनीने ती कानाने ऐकली असं सांगितलं. खरंच ऐकली का यावर जाणकार अजून वाद घालतात, तो आपण त्यांच्याकडे सोपवू. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. पतंग वरखाली हेलकावे खाई, तसे तारेचे विद्युत गुणधर्म बदलत, आणि त्यामुळे मार्कोनीचं नवं, जुळवून घ्यायचं यंत्र काही जुळेना. शेवटी त्याने जुनं साधं यंत्र काढलं आणि टेलिफोनचा कर्णा कानाला लावला. तार हलली की सगळं हललं! हा धडा ध्यानात ठेवा, तो आपल्याला रायवळावर परत भेटणार आहे.

त्या काळी समज असा होता की लांब जायचं तर लांब लहर हवी. शेकडो, हजारो मीटरची. लांब लहरीला लांब तार आणि उंच मनोरे. म्हणजे हा खेळ सरकारांचा, आरमारांचा, मोठ्या कंपन्यांचा. हौशी पोरं मध्येमध्ये लुडबुड करतात म्हणून अमेरिकेने १९१२ च्या कायद्यात त्यांना दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरींवर हाकलून दिलं. तिथे काही उपयोगाचं नाही, बसा खेळत, असा हिशेब. गावात वाटण्या होताना कसं, ज्याच्यावर राग त्याच्या वाट्याला वरकस जमीन टाकतात, तसं.

आणि त्या वरकस जमिनीत सोनं निघालं.

डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसन गावी, समुद्राकाठच्या माळावर तंबू ठोकून बसला. थंडी, पाऊस, आणि बुटक्या खांबांवरून ओढलेली सुमारे तेराशे फूट तार. तिच्यावर त्याला अटलांटिकपलीकडची हौशी केंद्रं ऐकू आली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२३ च्या अखेरीस, फ्रान्सचा लिऑन डेलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल यांनी एकशेदहा मीटरच्या आसपास समोरासमोर बोलावं तसं दोन्ही बाजूंनी संभाषण केलं. लहर जितकी आखूड तितकी ती कमी ताकदीत लांब जाते असं दिसायला लागलं. १९२४ मध्ये अमेरिकन हौशींना ऐंशी, चाळीस, वीस मीटरचे पट्टे मिळाले.

त्याच वर्षीची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. १८ ऑक्टोबर १९२४. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फ्रँक बेल नावाचा मेंढपाळ कुटुंबातला तरुण आपल्या यंत्रापाशी बसला होता. त्याला उत्तर आलं ते लंडनच्या उत्तरेकडच्या मिल हिल शाळेतून, सेसिल गॉयडर नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून. पृथ्वीच्या जवळजवळ दोन विरुद्ध टोकांवरची दोन पोरं! जे साधायला साम्राज्यांनी डोंगराएवढे मनोरे उभारले ते एका शाळेतून झालं.

हे सगळं वाचताना मला एकदम लक्षात आलं की इथे नुसती लहर बदलली नाही, तिचं माप बदललं. हजार मीटरच्या लहरीची अर्धी तार टांगायची तर अर्धा किलोमीटर जागा लागते. चाळीस मीटरची तार परसात मावते आणि तिला लागते ती उंची एका जुन्या झाडाची असते. निरुपयोगी म्हणून फेकलेल्या लहरी नेमक्या झाडाच्या मापाच्या निघाल्या! तसं झालं नसतं तर जगाशी बोलणं तारखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाच्या आवाक्यात कधी आलंच नसतं.

आपल्याकडे पहिले हौशी म्हणून अमरेंद्र चंद्र गुप्तू यांचं नाव घेतात. कलकत्ता, साल १९२१. पुढे संख्या हळूहळू वाढली. आणि मिल हिलचा तो शाळकरी पोरगा? तो मोठा होऊन इंजिनिअर झाला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला. एवढ्या अवाढव्य देशात मोजक्या केंद्रांचा आवाज पोचायचा कसा, याला त्याचं उत्तर होतं लघुलहरी. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे लघुलहरींची केंद्रं उभी राहिली. आजोबांच्या पिढीने खरखरत ऐकलेल्या बातम्यांच्या मुळाशी एका पोराचा हौशी रेडिओ होता म्हणायचं.

मग १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि हिंदुस्थानातल्या हौशी मंडळींना आपली प्रक्षेपण यंत्रं पोलिसांकडे जमा करायचे हुकूम निघाले. परवाने रद्द. तरीही १९४२ मध्ये 'छोडो भारत'नंतर मुंबईत एक चोरटं केंद्र बोलायला लागलंच. २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओचं पहिलं प्रक्षेपण झालं. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती. यंत्र बांधून दिलं नरीमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. आणि लहर कोणती? ४२.३४ मीटर. भाऊकाकांच्या शेजारचीच! म्हणजे याही तारेचं माप वीस-एकवीस मीटरच्या घरातलं. पण यांना कुठलं झाड आणि कुठलं परस. पोलिस मागावर, त्यामुळे गिरगाव-महालक्ष्मीच्या बाजूने जागा बदलत राहायचं, आज इथे तर उद्या तिथे. ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत. १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

मला गंमत वाटते ती अशी, की एका बाजूला सरकारी लघुलहरींचा मुख्य अभियंता एक जुना हॅम, आणि दुसऱ्या बाजूला हौशींच्या मापाच्या लहरीवर बोलणारी ही पोरं. लहरीला कुठला आलाय पक्ष? ज्याने तार टांगली त्याची ती.

असो. आता परत परसात येऊया.

साल बहुधा १९७६ असावं. मी दहाएक वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी पोरं गावी. काकांनी आधी आमच्या पाडेल्याला विचारलं. तो माडावर खारीसारखा चढायचा. त्याने रायवळाला एक चक्कर मारली, वर बघितलं आणि म्हणाला, "माडार चढतंय काकानू, पण ह्या रायवळार नाय. हेचो फाटो कधी मोडात ता सांगाक येवचा नाय." मग माडालाच बांधा ना, असं आजीचं म्हणणं. पण माडाला बेचकं नाही, झावळ्या पडतात आणि वाऱ्यात तो झुलतो किती!

तेव्हा खालूनच दोरी वर टाकायची ठरलं. जगभरच्या हॅम लोकांनी यासाठी काय काय केलंय ते मी पुढे वाचलं आणि हसून पुरेवाट झाली. कोणी हाताने दगड भिरकावतं, कोणी धनुष्यबाण वापरतं, कोणी मासे धरायच्या गळाच्या काठीने शिसं फेकतं, कोणी दाबलेल्या हवेची नळकांडी करून गोळा उडवतं. झाडांची निगा राखणारे लोक छऱ्यांनी भरलेली छोटी पिशवी झोका देऊन टाकतात, तीही चालते. आता तर ड्रोन पाठवून दोरी नेतात. एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने तर तारेचीच कटकट नको म्हणून खुद्द झाडालाच अँटेना केलं होतं! जॉर्ज स्क्वायर त्याचं नाव. १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात निलगिरीच्या झाडांना खिळे ठोकून त्याने यंत्र जोडून पाहिलं होतं, आणि १९१९ मध्ये झाडांवरून टेलिफोन-टेलिग्राफ यावर निबंधच प्रसिद्ध केला. जिवंत झाडात ओलावा असतो, ते थोडीफार वीज वाहतं. ऐकायला चालतं, पण तारेची सर त्याला नाही. काकांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे. असतं तर रायवळाला खिळे बसले असते आणि आजीने काकांना घराबाहेर काढलं असतं.

काकांचं हत्यार म्हणजे बेचकी. सायकलच्या ट्यूबचं रबर लावून केलेली दणकट बेचकी. गोळी म्हणून जाळ्याला लावतात ते शिसं, दोन-तीन तोळ्यांचं. जास्त हलकं असलं तर पलीकडे जाऊनही दोरीच्या वजनाने खाली येत नाही, पानातच लटकतं. जास्त जड झालं तर वरच जात नाही. शिशाला बांधलेलं तंगूस. तंगूस सुटताना गवतात अडकलं की खेळ खल्लास, म्हणून ते दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यावर गुंडाळलेलं. डब्याचं तोंड झाडाकडे करून धरायचं, मग वेढे एकेक करून भराभर सुटतात. हा डबा धरायचा मान माझा. भावांनी त्यासाठी आठवडाभर माझ्याशी कट्टी घेतली होती.

वेळ सकाळची, वारा पडलेला असतानाची. विजेची तार असलेल्या बाजूला कोणी जायचं नाही, नेमसुद्धा त्या दिशेने धरायचा नाही, हा पहिला नियम. झाडाखाली कोणी थांबायचं नाही हा दुसरा. आणि शिसं वर अडकलं तर तंगूस ओढून ताणायचं नाही, कारण ते सुटलं की गोळीसारखं थेट तोंडावर येतं, हा तिसरा. पहिल्या दिवशी काकांनी चौदा नेम मारले. तीन शिसं झाडाने ठेवून घेतली. एक गेलं घरावर आणि आजीची दोन मंगलोरी कौलं फुटली. आजीने काही न बोलता फुटक्या कौलांचे तुकडे आणून काकांच्या ताटाशेजारी ठेवले. त्या दिवशीचं जेवण शांततेत पार पडलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नेमाला बेचकीने बेचकं साधलं. शिसं वरच्या फाट्यातून पलीकडे गेलं आणि पानांतून टपटपत खाली आलं. काका लहान पोरासारखे ओरडले, "चढली रे यशवंती!"

यशवंती म्हणजे तानाजीची घोरपड. १६७० मध्ये सिंहगड घेताना घोरपडीने दोर वर नेला ही गोष्ट पोवाड्यांतून आली, इतिहासकार ती मानत नाहीत. मानायचं कारणही नाही, तिथे चढली ती माणसंच. पण ज्या कोणी ती गोष्ट रचली त्याला दोरीचं मर्म कळलं होतं एवढं नक्की. शंभर माणसं पेलणारा दोर कोणी भिरकावू शकत नाही. आधी वर जायला काहीतरी हलकं लागतं. १८४८ मध्ये नायगारा नदीवर पहिला झुलता पूल बांधायचा होता, तेव्हा खाली खळाळणारं पाणी आणि मध्ये खोल दरी. होमन वॉल्श नावाच्या पोराने पलीकडे पतंग पोचवला. त्या पतंगाच्या दोऱ्याला जाड दोरा, त्याला दोरखंड, त्याला लोखंडी तार असं करत पूल झाला. काकांचंही तेच. तंगुसाला सुतळी बांधली आणि ओढली. सुतळीला नायलॉनची दोरी. त्या दोरीला कप्पी. पहिल्या धाग्याला भार पेलायचा नसतोच मुळी, त्याने फक्त पलीकडे जायचं असतं. भार पेलणारे मागून येतात.

त्यातही एक घोटाळा झालाच. कप्पी वर चढवली, खाली गाठ मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग काकांच्या लक्षात आलं की कप्पीतून दुसरी दोरी ओवायची राहिली! पन्नास-साठ फुटांवरच्या कप्पीत दोरी ओवणार कोण? पुन्हा सगळं खाली. आजी ओटीवरून म्हणाली, "तारखात्याने ठेवून कसं घेतलंय ह्याला?"

आणि आता मार्कोनीचा पतंग आठवा. झाड हलतं. दोन झाडं असली तर दोन्ही हलतात आणि एकाच वेळी एकाच बाजूला हलत नाहीत. तार दोन्हीकडे घट्ट बांधली तर पहिल्याच वाऱ्याला तुटणार. म्हणून रायवळाच्या बाजूची दोरी कप्पीतून खाली आणायची आणि तिच्या टोकाला वजन लावायचं. आमच्याकडे दगड भरलेली एक जुनी बादली होती. झाड पलीकडे झुकलं की बादली वर जाई, परत आलं की खाली येई. तार आपली तशीच ताणलेली. आम्ही पोरं वारा किती आहे ते बादलीकडे बघून सांगायचो. पाऊस जवळ आला, वळवाचे ढग गडगडायला लागले की काका यंत्राची जोडणी काढून केबलचं टोक घराबाहेर, लांब ठेवायचे. त्या बाबतीत त्यांनी कधी हयगय केली नाही.

आणि अंडं? ते तारेच्या आणि दोरीच्या मध्ये. चिनीमाती वीज वाहत नाही म्हणून तार तिथे थांबते. पण त्याची खुबी वेगळीच आहे. त्याला दोन भोकं असतात, एकमेकांना आडवी. तारेचा फास एकातून आणि दोरीचा फास दुसऱ्यातून असा काही जातो की दोन फास एकमेकांत अडकलेले असतात, अंडं मध्ये चेपलेलं. म्हणजे चिनीमाती फुटून तिचे तुकडे झाले तरी फास फासात अडकून राहतो, तार खाली पडत नाही. काकांनी हे मला सुतळीचे फास करून दाखवलं होतं.

त्या रायवळावरच्या तारेवरून काकांना जपान मिळालं. नंतर रशिया, ऑस्ट्रेलिया. पोस्टाने संभाषणाच्या पावत्या म्हणून रंगीत कार्डं यायची. आत्येला आठवत असेल, त्यांची तिकिटं काढून घ्यायला आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या.

पण गंमत बाजूला. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी तिकडे संदेशांचं काम केलं होतं. काका तोवर साठीला आलेले, त्यांना जाता आलं नाही. पण ते कित्येक रात्री यंत्रापाशी नुसते ऐकत बसले होते, कोणाचा निरोप मध्येच अडला तर पुढे सरकवायला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद नावाच्या हॅम बाई अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. गेल्या होत्या हौसेच्या मोहिमेवर, आणि २६ तारखेला त्याच यंत्राने बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला पोचवायचं काम केलं. काकांनी वर्तमानपत्रातलं कात्रण मला पाठवलं होतं. सोबत एकच ओळ: "खांब पडतात, भिंती पडतात, झाडं बहुधा उभी असतात. दोरी टाकता आली पाहिजे."

तेव्हा मला ती ओळ गमतीची वाटली होती.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं. त्या रात्री काकांची तार तुटली. अंडं नाही फुटलं, तारच तुटली, मधल्या जोडाशी. तार सुटल्याबरोबर दगडांची बादली धाडकन खाली आली आणि अंडं सर्रकन वर जाऊन कप्पीला अडकलं. काकांनी सकाळी खाली पडलेली तार गुंडाळून ठेवली. चुलतभाऊ म्हणाला होता, आपण परत टाकू दोरी. काका म्हणाले, "बघू." त्यांचा हात तेव्हा कापायला लागला होता; बेचकी धरवत नव्हती आणि मोर्सही नीट उमटत नव्हती. ती दोरी कोणीच परत टाकली नाही. मी सुद्धा नाही. डबा धरायला मला येत होतं, नेम मारायला मी कधी शिकलेच नाही. शिकव म्हटलं असतं तर त्यांनी आनंदाने शिकवलं असतं, एवढं मात्र मला माहीत आहे.

मग रायवळाने हळूहळू अंड्याभोवती साल आणली. दरवर्षी थोडी.

आता ते अंडं माझ्या टेबलावर आहे. भावाने आजूबाजूच्या लाकडासकट कापून पाठवलं. एका भोकात नायलॉनचा फास अजून आहे, दुसऱ्यात तांब्याचा हिरवा पडलेला वेढा. दोन्ही एकमेकांत तसेच अडकलेले.

चुलतभावाच्या धाकट्या मुलीने परवा फोनवर विचारलं, "आत्या, बेचकीचं रबर सायकलच्याच ट्यूबचं लागतं का?" ती अकरा वर्षांची आहे. तिला म्हटलं, मे महिन्यात येते. कौलं आता आहेत तिथे पत्रा घातलाय, तेव्हा आजीची भीती नाही. दूध पावडरीचा डबा मी धरीन. नेम तू मार.